ते पुस्तक रद्दीत टाकण्याआधी



आज मूगडाळीच्या सांडग्यांबद्दल लिहायचं ठरलं होतं. सांडगे पुढच्या आठवड्यात. कारण गेल्या पंधरा दिवसांत तीन जणींनी मला एकच तक्रार ऐकवली आणि तिघींनीही उपाय आधीच ठरवून ठेवला होता. तक्रार अशी, की मुलगी रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरच्या प्रेमकथा वाचते. मुलींची वयं चौदा ते सतरा. उपाय असा, की पुस्तक उचलायचं आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवायचं. एकीनं तर ठेवलंसुद्धा. वर पोरीला ऐकवलं, की जैनाच्या घरात हे असलं वाचन शोभत नाही.

मला हा उपाय मुळीच मान्य नाही, आणि का नाही ते आज जरा लांबण लावून सांगणार आहे. थोडक्यात माझं म्हणणं एवढंच: ही पुस्तकं पोरींच्या हातून काढून घेऊ नका. आणि त्यांच्या जाहिरातीत 'खंबीर नायिका' असं लिहिलेलं असतं, त्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. दोन्ही एकदम करता येतं. त्यासाठी फक्त पुस्तक आपण स्वतः वाचायचे कष्ट घ्यावे लागतात. तक्रार करणाऱ्या तिघींपैकी एकीनंही पहिलं पान उघडलेलं नव्हतं.

मी वाचली आहेत. माझी भाची मे महिन्यात आमच्याकडे राहायला येते. ती फोर्टच्या फुटपाथवरून 'ट्वायलाइट'ची जुनी प्रत घेऊन आली, कोपरे दुमडलेली, आत कुणाच्या तरी वाढदिवसाची सही असलेली. आम्ही गिरगावात खोताच्या वाडीत राहतो. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस इथले जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले, त्यांची लाकडी जिन्यांची, पडवीची घरं अजून थोडी उभी आहेत. शेजारच्या अशाच एका घराच्या बाहेरच्या जिन्यावर माझी भाची आणि वाडीतल्या दोन मुली, तिघींत एक प्रत घेऊन दुपारभर बसत. एक वाचायची, दोघी ऐकायच्या, मग ओढाओढ. पुस्तक रात्री घरी आलं की मी वाचायची. अशी चारही पुस्तकं झाली.

वाडीच्या संदर्भात एक गंमत आधी सांगते. जुन्या व्हॅम्पायरला, म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ड्रॅक्युलाला, दोन गोष्टींची धास्ती: क्रूस आणि लसूण. आमच्या वाडीत क्रूस जागोजागी आहेत. लसूण मात्र आमच्या घरात येत नाही. म्हणजे ड्रॅक्युला कधी वाडीत शिरलाच, तर सगळी घरं सोडून नेमका आमच्याकडेच मुक्कामाला येणार. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामी, आताचे व्हॅम्पायर लसणाला घाबरत नाहीत. ते उन्हात चमकतात." असो.

गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. स्टेफनी मेयर नावाच्या अमेरिकन बाईंनी 'ट्वायलाइट' २००५ साली प्रसिद्ध केली आणि २००८ पर्यंत पुढची तीन पुस्तकं आली. जगभरात दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या, सिनेमे निघाले. सतरा वर्षांची बेला फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात वडिलांकडे राहायला येते. वर्गात एडवर्ड भेटतो. दिसायला सतरा, पण १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला. बेलाच्या रक्ताचा वास त्याला असा काही येतो की तिच्या शेजारी बसणंही त्याला जड जातं. तो तिला एका क्षणात मारू शकतो. मारत नाही. पहिल्या पुस्तकाचा सगळा जीव या दोन छोट्या वाक्यांत आहे.

आता माझा पहिला मुद्दा. पोरींना यात रक्ताची गोडी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना पोरी कळलेल्या नाहीत. रक्त या पुस्तकांत फारच कमी सांडतं. आपल्याकडच्या नऊच्या मालिकेत यापेक्षा जास्त विष कालवलं जातं. पोरींना गोडी आहे ती एका चित्राची: अंगात ताकद असलेला, भूक लागलेला पुरुष स्वतःला आवरतो.

चर्नी रोडहून सकाळी आठची लोकल पकडणाऱ्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बारा-तेरा वर्षांची झाल्यापासून तिला काय शिकवलं आहे आपण? पुलावर दप्तर छातीशी धर. गर्दीत कोपर बाहेर ठेव. रिकाम्या डब्यात चढू नकोस. म्हणजे पुरुष स्वतःला आवरणार नाही, हे गृहीत धरूनच तिचा दिवस आखलेला. तिचे कपडे, तिची वेळ, तिचा रस्ता, सगळं त्या गृहीतावर बेतलेलं. अशा मुलीला एक पुस्तक मिळतं. त्यातला पुरुष या सगळ्यांपेक्षा कितीतरी भयंकर आहे, त्याला तिची तहान आहे, आणि तो म्हणतो की आवरायची जबाबदारी माझी. त्या मुलीला हे पुस्तक आवडलं नसतं तरच नवल होतं.

या गोष्टीला आपल्याकडे नाव आहे. संयम. दशलक्षणात उत्तम संयमाचा एक अख्खा दिवस आहे आपला. लेखिका मॉर्मन पंथाच्या, दारू-सिगारेट, अगदी चहा-कॉफीही वर्ज्य मानणाऱ्या समाजातल्या. पुस्तक लिहिलं तेव्हा घरी तीन लहान मुलगे. धर्म पाळणाऱ्या घरातल्या बाईनं, घरकाम उरकून लिहिलेलं हे पुस्तक आहे. त्यामुळे त्यात व्रताची चव आहे, हे मला पहिल्या शंभर पानांतच कळलं.

आणि ज्या आयांनी पुस्तक रद्दीत टाकलं, त्यांना तिसऱ्या पुस्तकातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. घाई बेलाला असते. लग्नाआधी काही नाही, असा हट्ट धरून बसतो तो एडवर्ड. तुमच्या स्वप्नातला जावईच तुम्ही किलोच्या भावानं विकलात.

इथे कुणी म्हणेल, मुलीला घाई असते हेच तर वाईट. मला ते वाईट वाटत नाही. मुलीलाही काही हवं असतं, ही गोष्ट आपल्या घरांत कुणी उच्चारतच नाही. मुलीच्या जातीनं असं हसू नये, इतकं खाऊ नये, इतका वेळ आरशासमोर उभं राहू नये. हवं असणं हे मुलांचं काम आणि नको म्हणणं हे मुलींचं काम, अशी वाटणी करून आपण मोकळ्या होतो. या पुस्तकांत मुलीचं हवं असणं पानापानावर आहे आणि तिची कुणी टर उडवत नाही. पोरी जिन्यावर बसून ओढाओढ करतात ती यासाठी.

दुसरा मुद्दा आपल्या धर्माच्या नावानं केलेल्या आक्षेपाचा, कारण तो माझ्यापर्यंत आलाच आहे. एडवर्डचं कुटुंब माणसाचं रक्त पीत नाही. ते जंगलात जाऊन प्राण्यांची शिकार करतात आणि आपसांत गमतीनं स्वतःला 'शाकाहारी' म्हणवतात. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि मोठ्यानं हसले. अरे, पाणी गाळून पिणाऱ्या घरात येऊन सांगा हे! ज्या हरणाच्या मानेला तो तोंड लावतो त्याला जीव नाही का? इथे माझं लेखिकेशी भांडण आहे आणि ते मी भाचीला स्पष्ट सांगितलं. माणसाचा जीव तेवढा मोलाचा आणि बाकीचे जीव म्हणजे शिदोरी, या समजुतीवर ते सगळं सज्जन कुटुंब उभं आहे.

पण यावरून पुस्तक त्याज्य ठरत नाही. उलट बोलायला जागा मिळते. भाचीनं मला लगेच विचारलं, "मामी, तो निदान एक पायरी तरी चढला ना? जन्मभराची सवय सोडली ना?" बरोबर आहे तिचं. आपल्याकडे श्रावकाला अणुव्रतं दिली आहेत ती याचसाठी, की सगळं एकदम सुटत नाही. पाठशाळेत अहिंसेवर तिनं कधी इतका वेळ वाद घातला नव्हता. त्या रात्री आम्ही जेवणानंतर तासभर बोलत होतो: दूध चालतं का, रेशीम चालतं का, आपण कुठल्या पायरीवर आहोत. मांसाहारी व्हॅम्पायरनं आमच्या घरी स्वाध्याय घडवला, असं म्हणायला हरकत नाही.

आता ज्या बायका म्हणतात की आमच्या वेळी असलं काही नव्हतं, त्यांच्यासाठी. तुमच्या वेळी बाबूराव अर्नाळकर होते. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार आणि काळापहाड भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचणारी मुलं याच गिरगावात वाढली आणि पुढे बँकेत, पालिकेत नोकरीला लागून निवृत्तही झाली. नारायण धारपांच्या भयकथा दिवा चालू ठेवून वाचणाऱ्या आज आजी झाल्या आहेत. आणि २०१० साली स्टार वनवर 'प्यार की ये एक कहानी' लागत होती, 'ट्वायलाइट'वरूनच बेतलेली, त्यातही व्हॅम्पायरच होता. ती कोण कोण बघत होतं, ते मी नावानिशी सांगू शकते. सांगत नाही.

कादंबऱ्यांनी बायका बिघडतात ही ओरड तर मराठी कादंबरीइतकीच जुनी आहे. त्या ओरडीपेक्षा मला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे जवळच्या वाटतात. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. त्या काळी 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा अद्भुत कादंबऱ्या लोकप्रिय होत्या. ताराबाईंनी असली पुस्तकं बंद करा, असा धोशा लावला नाही. त्या वाचत होत्या, आणि वाचून त्यातल्या बायका खऱ्या आयुष्यातल्या बायकांशी ताडून बघत होत्या. लिहिणाऱ्या पुरुषांना त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. मुलीनं कादंबरी कशी वाचावी याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

तेव्हा ताराबाईंना स्मरून आता मी या पुस्तकांना फैलावर घेते.

पहिल्याच पुस्तकात एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिला बघत बसतो. तिला पत्ता नाही. अशा कित्येक रात्री. तिला कळतं तेव्हा ती सुखावते. तिसऱ्या पुस्तकात बेलाला तिच्या मित्राला, जेकबला, भेटायला जायचं असतं, तर एडवर्ड तिच्या गाडीच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो. गाडी सुरूच होऊ नये म्हणून. कारण काय, तर तिची काळजी. पुढे तो हे थांबवतो आणि तिला जाऊ देतो, हे खरं. पण पुस्तक या वागण्याला प्रेमाच्या खात्यात जमा करतं, हेही खरं.

इथे मी थांबते आणि वाचणाऱ्या प्रत्येक मुलीलाही इथेच थांबवावं असं मला वाटतं. संयम म्हणजे स्वतःला आवरणं. दुसरीच्या गाडीचा भाग काढून ठेवणं याला संयम म्हणत नाहीत. जो माणूस स्वतःच्या तहानेला वेसण घालतो त्याला नमस्कार. तो जेव्हा ती वेसण तिच्या नाकात घालायला येतो, तेव्हा तो वाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कुठल्याही टोणग्यासारखाच.

हे मी हवेत बोलत नाही. जिन्यावरच्या तिघींपैकी एक अकरावीत आहे. तिच्या क्लासमधला एक मुलगा रोज चर्नी रोडच्या पुलापासून वाडीपर्यंत तिच्या मागे चालत यायचा. घरी पोचलीस का, असा मेसेज करायचा. मग मेसेज बदलले. आज कोणाशी हसत होतीस, फोन का उचलला नाहीस, लास्ट सीन का लपवलंस. पोरगी मला हे सांगत होती ती घाबरून नाही, जरा लाजून. "आंटी, तो माझी खूप काळजी करतो. एडवर्डसारखा."

मी ते पुस्तक वाचलेलं नसतं तर मला तिचं वाक्य कळलंच नसतं. आणि तिच्या हातातून ते कुणी हिसकावलं असतं तर तिनं ते वाक्य मला ऐकवलं नसतं. मी तिला उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "एडवर्डला तुमच्यात मोठेपण कशाचं? तो आवरतो याचं ना? मग याला एकदा 'मागे येऊ नकोस' असं सांगून बघ. आवरतो का बघू."

तिनं सांगितलं. तो आवरला नाही. उलट त्याचे मेसेज वाढले आणि भाषा उतरली. तेव्हा ती आपल्या आईकडे गेली. आई नि मामा त्या मुलाच्या घरी जाऊन बसले, फोनमधलं सगळं दाखवलं, आणि मुलीनं नको म्हटल्यावरही तिचा पाठलाग करणं हा २०१३ पासून आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, हेही शांतपणे सांगितलं. त्यानंतर पुलावर तो दिसला नाही. पोरीनं पुढे मला एक गोष्ट ऐकवली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. म्हणाली, "आंटी, पुस्तकात तो खिडकीतून येतो तेव्हा छान वाटतं, कारण तो चांगला आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं. खऱ्यात ते माहीत नसतं ना." सोळा वर्षांच्या मुलीला हे कळतं. तिला वाचू द्यायला आपण का घाबरतो?

आता 'खंबीर नायिका'. बेला खंबीर आहे का? लोकांनी लेखिकेला हा प्रश्न इतक्यांदा विचारला, की दहा वर्षांनी, २०१५ साली, मेयरबाईंनी तीच गोष्ट मुलगा आणि मुलगी यांची अदलाबदल करून पुन्हा लिहिली. बेलाच्या जागी बो नावाचा मुलगा. मुद्दा हा की व्हॅम्पायरपुढे कुठलाही माणूस दुबळाच. ठीक आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. चौथ्या पुस्तकात बेला अठराव्या वर्षी लग्न करते, दिवस जातात, पोटातलं बाळ तिला आतून मोडून टाकतं, बाळंतपणात ती मरणाच्या दारात जाते, आणि तेव्हा नवरा तिला व्हॅम्पायर करतो. मग काय विचारता! ती सुंदर होते, सगळ्यांत बलवान होते, तिच्या मनाची ढाल सगळ्या कुटुंबाला वाचवते.

हे वाचलं आणि मला आमच्या गावाकडच्या भुतांची यादी आठवली. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. विधवा मेली की लावसट होते. जिवंतपणी जिचं घरात कुणी ऐकलं नाही, ती मेल्यावर मात्र सगळं गाव तिला घाबरतं, तिच्यासाठी उतारा टाकतं, तिचं नाव घेताना आवाज खाली येतो. आपल्या लोकांनी बाईला ताकद दिली, पण ती मेल्यानंतर. अमेरिकेतल्या बाईनंही बेलाला ताकद दिली ती लग्न, बाळंतपण आणि मरण, हे तिन्ही उरकल्यावर. उलट्या पायांची हडळ काय आणि चमचमणारी बेला काय, दोघींची वाट एकच. जाहिरातवाले याला खंबीर म्हणत असतील. मी म्हणते, ज्या मुलीला जिवंत असताना खंबीर होता येतं तिची गोष्ट मला सांगा.

तशा गोष्टी याच कपाटात आहेत, हेही सांगायला हवं. रिशेल मीड यांची 'व्हॅम्पायर अकॅडमी' २००७ साली सुरू झाली. त्यातली रोझ हॅथवे सतरा वर्षांची आहे. ती आपल्या मैत्रिणीची राखणदार म्हणून शिकते, मार खाते, उलट मारते, चुकते, तोंडानं फटकळ आहे. तिचा प्रियकर दुष्ट व्हॅम्पायर होतो तेव्हा ती रडत बसत नाही, त्याला संपवायला रशियात जाते. त्या पुस्तकांत सगळ्यांत घट्ट नातं दोन मैत्रिणींचं आहे. मारामारी मला झेपत नाही, पण भाचीला मी म्हटलं, बेलाच्या शेजारी हिला उभी करून बघ.

आणि तिसरी मी उभी केली. राजुल, म्हणजे राजीमती.

नेमिनाथांची वरात आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांनी ऐकला आणि रथ वळवला. राजुल त्यांच्यामागे गिरनारला गेली, एवढं आपण पोरींना सांगतो आणि थांबतो. पुढची गोष्ट सांगत नाही. ती उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात आहे. आम्ही दिगंबर ते सूत्र आगम म्हणून मानत नाही, पण राजुल दोघांच्याही घरची आहे. दीक्षा घेतलेली राजीमती डोंगर चढताना पावसात भिजते, गुहेत शिरते आणि ओली वस्त्रं वाळत घालते. अंधारात तिला दिसत नाही की आत नेमिनाथांचाच भाऊ रथनेमी ध्यानाला बसला आहे. तिला तशी पाहून त्याचं व्रत डळमळतं. तो तिला आपल्याबरोबर भोग घ्यायला बोलावतो.

गुहा, अंधार, एकटी स्त्री, तहानलेला पुरुष. अगदी व्हॅम्पायरच्या कादंबरीतलाच प्रसंग. तिथे राजीमती घाबरते, अंग झाकून घेते. आणि मग बोलते. त्याला त्याच्या कुळाची, त्याच्या व्रताची आठवण करून देते, असे खडे बोल सुनावते की अंकुश लागलेल्या हत्तीसारखा तो ताळ्यावर येतो. इथे संयम कुणा पुरुषानं तिच्यावर केलेला उपकार नाही. तिचा स्वतःचा आहे, आणि त्याचा सुटलेलाही ती त्याला परत मिळवून देते. हे सगळं जिवंतपणी, ओल्या अंगानं, कुठल्याही जादूशिवाय.

भाचीनं हे ऐकून विचारलं, "मामी, हे आम्हाला पाठशाळेत का नाही सांगत?" याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे, मैत्रिणींनो. आपण पोरींना राजुलची मेंदी, राजुलचा विरह, राजुलची ओवाळणी दिली. गुहेतली राजुल देताना आपल्याला लाज वाटली. मग त्यांनी गुहा दुसरीकडे शोधली तर रागावायचं कुणावर?

आता रद्दीऐवजी काय करायचं, ते सांगते. १८७० साली रिचर्ड बर्टन या इंग्रजानं आपल्या वेताळ पंचविशीच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. आपला वेताळ त्याला व्हॅम्पायर वाटला. पण आपला वेताळ रक्त मागत नाही, प्रश्न विचारतो. राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी म्हणतो, आता सांग, यात थोर कोण, चूक कुणाची?

घरात ही रीत ठेवा. पुस्तक पोरीच्या हाती राहू द्या, तिची झाल्यावर तुम्ही घ्या, आणि मग भाकरी थापता थापता एकेक प्रश्न टाका. तो रात्री खिडकीतून आला तेव्हा तिला विचारलं होतं का? गाडीचा भाग काढला त्या दिवशी तू बेला असतीस तर काय केलं असतंस? त्याला अमर राहायला मिळालं, तिला काय सोडावं लागलं? तिच्या आईला शेवटी खरं कुणी सांगितलं? उत्तर चुकलं तरी ओरडू नका. पटलं नाही तर वाद घाला, आणि कधी तुम्हीच हराल तर हरा. माझी भाची मला दोनदा हरवून गेली आहे.

गप्प मात्र राहू नका. वेताळाची अट ठाऊक आहे ना? उत्तर माहीत असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. प्रेम, धाक, पाठलाग, काळजी यांतला फरक आपल्याला माहीत आहे. आपण संसार केले आहेत, काहींनी तो फरक फार महाग पडून शिकला आहे. ते सगळं पोटात ठेवून आपण पुस्तकच वजनावर घालतो, आणि पोरगी पुलावरून एकटी चालत येते.

ज्या ताईंनी पुस्तक विकलं, त्यांच्यासाठी निरोप: भाचीची प्रत सध्या माझ्याकडे आहे. दुपारी चारनंतर मी घरीच असते. मुलीला घेऊन या. सांडगेही तोवर वाळलेले असतील.